अर्धा नमस्कार

चोंगचिंगच्या त्या जिन्यावर शरयू रणवरेनं फोटो काढला की एक पायरी वाढायची.

मुळात जिना दोनशे चौऱ्याऐंशी पायऱ्यांचा. खाली नदीकाठी चहाची टपरी, वर धुक्यात बुडालेली जुनी घरं आणि बरोबर मधोमध दगडी फरशीचा एक सपाट चौक. चौकात गुओ न्हाव्याची लोखंडी खुर्ची आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला त्याचा आरसा. चौकाच्या वर एकशे बेचाळीस पायऱ्या, चौकाच्या खाली एकशे बेचाळीस. नवी पायरी यायची ती चौकाला लागूनच, खालच्या अंगाला. धक्का नाही, आवाज नाही. ताकावर लोणी यावं तशी ती वर यायची आणि चौक, वरच्या सगळ्या जिन्यासकट, गुमान एक पायरी वर उचलला जायचा.

शरयूला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. दोन महिने ती चीनच्या शहरांतून रस्त्यावरची माणसं टिपत फिरत होती. ग्वांगजौमध्ये तिनं नऊ रोल संपवले, तिथं काही वाढलं नाही. शिआनला एक कावळा वाढला. वुहानला एका पुलावरची संध्याकाळ वीतभर लांबली, आणि लोकांनी ती कुरकुर न करता वापरून टाकली. एका गावचं पाणी बाधतं, दुसऱ्या गावचं मानवतं, तसंच हे. इथं पायऱ्या वाढतात, एवढंच.

ती फलटणची. सत्तावन्न वर्षांची, पायात कापडी बूट, खांद्याला वडिलांचा रोलचा कॅमेरा. वडिलांचा बाजारपेठेत स्टुडिओ होता, आणि त्या स्टुडिओची एक रीत होती. नव्या रोलचा पहिला फोटो फोटो काढणाऱ्याचा. समोर जो कोण असेल, गिऱ्हाईक म्हणा, पेपरवाला म्हणा, त्याच्या हातात कॅमेरा द्यायचा आणि आपण मुकाट समोर उभं राहायचं. "लोकांचे चेहरे मागतो आपण," वडील म्हणायचे, "आधी आपला ठेवावा." वडील गेले, स्टुडिओ गेला, त्या जागी मोबाइलचं दुकान आलं. शरयूनं रीत सोडली नाही.

म्हणून गुरुवारी दुपारी खालच्या एकशे बेचाळीस पायऱ्या चढून चौकात आल्यावर तिनं नवा रोल भरला आणि कॅमेरा गुओच्या हातात दिला. शरयू मराठीत बोलत होती, गुओ त्याच्या बोलीत. कुणाचं काही अडत नव्हतं.

"दाबायचं कुठं?" गुओनं विचारलं. साठीचा माणूस, कानामागं कंगवा खोचलेला.

"हे इथं. एकदाच."

"एकदाच तर एकदाच. माझ्या वस्तऱ्यालाही दुसरा हात चालत नाही."

शरयू सरळ उभी राहणार होती. पण पाठीमागून वरचा जिना सुरू होत होता, आणि जिन्याची पहिली पायरी दिसली की तिचा हात आपोआप खाली जायचा. नाटकाच्या रंगमंचाला गेला होता, कोर्टाच्या पायरीला गेला होता, एकदा तर एसटीच्याही. वाकून पायरीला बोटं लावायची, मग ती कपाळाला लावायची आणि चढायचं. ती वाकली. बोटं दगडाला लागली. आणि हात कपाळाकडं निघायच्या आत गुओनं बटण दाबलं.

"अहो दादा, जरा थांबायचं ना!"

"तुम्हीच म्हणालात एकदाच."

चौकाखाली पहिली नवी पायरी आली. शरयूनं ती पाहिली नाही. गुओनं पाहिली, पण चौकाला एक पायरी फुकट मिळत असेल तर आपण कशाला बोला, असं त्याला वाटलं.

चार वाजता दोघी बहिणी आल्या.

थोरली युनमावशी, शहाऐंशीची, वरून उतरून. धाकटी लानमावशी, एक्याऐंशीची, खालून चढून. थोरलीच्या गुडघ्यांना उतार सोसत नसे, धाकटीच्या गुडघ्यांना चढ. थोरलीच्या गुडघ्यांत दिवसाला एकशे बेचाळीस पायऱ्यांचा उतार होता, धाकटीच्या गुडघ्यांत एकशे बेचाळीस पायऱ्यांचा चढ. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. थोरली पदराआड चहाची पत्ती आणि दोन कप आणायची. तिला पदर नव्हता, निळा कोट होता, पण ती कप धरायची ते पदराआड धरावेत तसेच. धाकटी आणायची थर्मासमध्ये उकळतं पाणी. एकीकडं पत्ती, एकीकडं पाणी. भेट झाली तरच चहा. चाळीस वर्षं त्या अशा भेटत होत्या. त्या दिवशी धाकटी चौकाच्या एक पायरी खालीच टेकली, पण थर्मास हातोहात पोचला, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

शरयूनं विचारलं, "मावशी, काढू का फोटो?"

"काढ पोरी," थोरली म्हणाली. "हिचा उजवीकडून काढ. डावीकडून ही आमच्या काकूसारखी दिसते."

"काकू देखणी होती," धाकटी म्हणाली.

"हिच्याइतकीच होती."

थोरली कपात चहा ओतत होती. शरयूनं तो ओतता हात टिपला. मग संत्री सोलत बसलेली एक बाई टिपली. अशा एकूण तीन पायऱ्या झाल्या.

शुक्रवारी धाकटी चढून आली आणि चौकाच्या तीन पायऱ्या खाली थांबली. तिनं पाय उचलला, पण गुडघ्यातला चढ संपला होता. थोरली चौकाच्या कडेला येऊन उभी राहिली. तिच्यातला उतार संपला होता. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग हसायलाच लागल्या. धाकटीनं थर्मास वर केला, थोरलीनं वाकून हात खाली केला. मध्ये तीन पायऱ्यांचं अंतर, त्यात तो लाल थर्मास, दोन सुरकुतलेले हात, आणि मागं धुक्यातून जेमतेम गळणारा उजेड.

ते अंतर फार सुंदर होतं. शरयूनं फोटो काढला.

तिच्या वडिलांनी तिला अशा एका फोटोबद्दल सांगितलं होतं. आयुष्यात एकदाच निघतो, म्हणायचे, आणि त्याच्याखाली आपलं नाव लिहावंसं वाटत नाही. शरयूला बटण दाबतानाच कळलं, की हाच तो.

"बाई, वाढतंय," गुओ म्हणाला.

"एका पायरीनं काय होतंय दादा?"

तिनं आणखी एक काढला. अंतर वाढलं तसं ते अधिकच सुंदर दिसायला लागलं. थर्मास आता हातोहात पोचेना, गुओला पाच पायऱ्या उतरून तो न्यावा लागला. शरयूनं तोही फोटो काढला.

दुसरी गोष्टही त्याच दिवशी ध्यानात आली. फोटोत जे चाललं होतं ते संपत नव्हतं. संत्रीवाल्या बाईचं साल सुटतच होतं, एका अखंड पट्टीनं, आणि ते जिन्यावरून खाली गटारापर्यंत गेलं होतं. वाळत घातलेली एक चादर टिपली होती, ती ठिबकतच होती. बांबूच्या काठीला दोन टोकांना ओझी बांधून वाहणारा एक हमाल जांभई देताना सापडला होता. तो पाच खेपा करून आला, जांभई तोंडातच. आणि युनमावशी कितीही ओतो, कप पाऊणच्या वर भरत नव्हता.

"बरंच आहे की," धाकटी खालून म्हणाली, "चहा कधी संपणार नाही."

शरयूच्या उजव्या हाताच्या बोटांना दगडाची धूळ लागली होती. तिनं गुओच्या नळाखाली तीनदा हात धुतला. धूळ गेली नाही. खाली मुक्कामाच्या जागी जाऊन साबणानं धुवू, असं ती म्हणायची आणि जाणं राहून जायचं.

शनिवारी दुपारी रोल संपला. चौकाखाली छत्तीस नव्या पायऱ्या होत्या.

दगड मात्र तेवढाच होता. त्यामुळं जिना लांब झाला तसा अरुंदही झाला. शेवया ओढताना बारीक होतात तसा. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट उरली होती. दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ आल्या होत्या, खिडक्यांतली माणसं समोरच्या खिडकीतल्या माणसांचं मीठ हात लांब करून घेत होती.

चार वाजता छत्तीस पायऱ्यांवरून बहिणी एकमेकींना हाका मारत होत्या.

"लान! स्वेटर घातलास का?"

"घातलाय! तुझं नाक दिसतंय मला इतक्या लांबून!"

"नाक आईचं आहे. त्याला काही बोलायचं नाही!"

मग थोरली कपांवर हात ठेवून चौकाच्या कडेला बसली. शरयू तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

"पाच वाजता मुलगा येतोय माझा," थोरली म्हणाली. "नदीपलीकडं घर घेतलंय त्यानं. तेविसावा मजला. मला नेणार."

"कायमचं?"

"कायमचंच. लिफ्ट आहे म्हणतो. आई, तुला एक पायरी उतरायला लागणार नाही म्हणतो." तिनं खाली बहिणीकडं पाहिलं. "लिफ्टला मध्ये चौक नसतो ना पोरी. मग मध्ये भेटायचं कुठं? आजचा शेवटचा चहा होता आमचा."

शरयू उठली आणि छत्तीस पायऱ्या उतरून धाकटीकडं गेली.

"मावशी, थर्मास द्या, मी वर पोचवते."

"काल गुओनं नेलं तेवढं पुरे. दुसऱ्याच्या हातचं पाणी दवाखान्यात पितात," धाकटी म्हणाली. थर्मास तिनं पोटाशी धरला.

मागून जांभईवाला हमाल आला. "आ... मी उचलून नेतो आजीला. एका बाजूला आजी, एका बाजूला... आ... वीट."

"मी काय कोबी आहे?"

"कोबी एवढा बोलत नाही."

"शरयूपोरी," धाकटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला, "चाळीस वर्षं मी माझ्या पायांनी गेले तिच्याकडं. आज पोत्यासारखी गेले तर ती आयुष्यभर चिडवेल. आणि चिडवायला ती समोर नसेल."

शरयू परत वर चढली. चढताना तिला पायाखालचं सगळं कळत होतं. एक पायरी ओली होती, चादरीची. एकीला संत्र्याचा वास होता. एक ऊबदार होती, तिच्यावर मांजर झोपलं होतं, फोटोत. सगळ्या आपल्याच हातच्या. चौकात आली तेव्हा गुओ वस्तरा पट्ट्यावर घासत होता.

"केस वाढले तर कापता येतात," तो म्हणाला. "कशातून वाढले ते ठाऊक पाहिजे फक्त. तुमच्या पायऱ्या त्या कॅमेऱ्यात आहेत."

शरयूनं कॅमेरा हातात घेतला. रोल उलटा गुंडाळून परत डबीत घ्यायचा राहिला होता. म्हणजे फिल्म अजून कॅमेऱ्यातल्या फिरकीवर होती, शेवटचा फोटो सगळ्यांत बाहेर, पहिला सगळ्यांत आत. मागचं झाकण उघडलं की उजेड पडणार, आणि ओढू तसा एकेक फोटो जाणार. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. उजेडापासून फिल्म सांभाळण्यात तिच्या घराच्या दोन पिढ्या गेल्या होत्या.

त्या सांभाळण्यालाही एक रीत होती. अंधाऱ्या खोलीत घड्याळ दिसायचं नाही, म्हणून आई ओव्या म्हणायची. रसायनात चार ओव्या, पाण्यात एक, चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत आठ. त्या ओव्या आईनं स्वतःच रचलेल्या होत्या. शेजारणी म्हणायच्या, रणवरेबाई कोंडून घेऊन कुणाला पाळण्यात घालतात कोण जाणे.

"पाच वाजायला किती आहेत?" शरयूनं विचारलं.

"पंचवीस मिनिटं."

"बरं," शरयू म्हणाली. तिच्या मनात चलबिचल नव्हती. साडी नेसताना निऱ्या घ्याव्यात तशा सवयीच्या हातानं तिनं झाकण उघडलं, फिल्मचं टोक धरलं आणि आईची ओवी म्हणायला लागली.

पहिली माझी ओवी, अंधाऱ्या खोलीला,
पाण्यामधी मुखडा, हळू जागा झाला।

फिल्म वीतभर बाहेर आली आणि उजेडात दुधाळ होऊन गेली. चौकाखालची पायरी मिटली. चौक एक पायरी खाली उतरला, खुर्ची, आरसा, गुओ, युनमावशी, सगळ्यांसकट. युनमावशीनं कप घट्ट धरले.

शरयूनं आणखी ओढलं. चादर ठिबकायची थांबली आणि वाऱ्यानं फडफडली. मांजर उठलं, पाठीची कमान केली आणि आपल्या कामाला निघून गेलं. हमालाचं तोंड एकदम मिटलं. त्यानं जबडा चोळला.

"संपली एकदाची. आता झोपच येत नाही!"

दुसरी माझी ओवी, ओल्या कागदाला,
हसू आलं ओठी, कुणी ना सांगितलं।

भिंती दोन्हीकडून मागं सरकल्या. वाट रुंद झाली. चौक खाली उतरत होता, खालून धाकटीचा चेहरा मोठा होत होता. आधी नुसता स्वेटर होता, मग चष्मा आला, मग चष्म्याला बांधलेला दोरा. वीस पायऱ्या उरल्या. बारा उरल्या. पाच उरल्या. चार.

शरयूचा हात थांबला. बोटांत चौथा फोटो होता. तीन पायऱ्यांचं अंतर, लाल थर्मास, दोन हात. फिल्मवर काहीच दिसत नव्हतं, न धुतलेल्या फिल्मवर काही दिसत नसतं. पण तो तिथं आहे हे तिच्या बोटांना कळत होतं, पोटातलं मूल कळावं तसं. जगात तो तिनं एकटीनंच पाहिला होता, तोही कॅमेऱ्याच्या झरोक्यातून.

वरून धुक्यातून हाक आली. "आई! आहेस का तिथं?" आणि पाठोपाठ बुटांचा आवाज, पायऱ्या उतरणारा.

"पाचच्या आत आला!" थोरली म्हणाली. "शाळेला कधी वेळेवर गेला नाही मेला."

शरयूनं डोळे मिटले नाहीत. तिनं पाहत पाहत चौथा फोटो उजेडात ओढला.

बहिणी ग बहिणी, दोघी दोन काठा,
मधल्या पाण्याच्या ग, किती लांब वाटा।

पायरी मिटली. तीन उरल्या. मग संत्रीवाल्या बाईचं साल तुटलं. तिनं हातातल्या सोललेल्या संत्र्याकडं असं पाहिलं, की जणू ते कुणीतरी तिला भेट दिलंय. एक फोड तोंडात टाकली आणि डोळे पुसले. दोन उरल्या. मग युनमावशीच्या मांडीवरच्या कपातला कालचा गार चहा आपोआप काठोकाठ चढला. तो कप आता भरलेला होता. एक उरली.

एकच. धाकटी तिच्यापलीकडं, थोरली तिच्याअलीकडं. हात लांब केले तर बोटांना बोटं लागतील एवढ्यावर. धाकटीनं पाय उचलून पाहिला. गुडघ्यानं नाही म्हटलं.

शरयूनं त्या पायरीकडं पाहिलं. तिला काही ओळख पटेना. "ही कशाची? माझे तर सगळे झाले. पस्तीस काढले मी."

गुओ वाकला आणि त्यानं वास घेतला. "हायपो का काय म्हणता ते. आणि खोबरेल." तो सरळ उभा राहिला. "ही मी काढली, बाई. गुरुवारी. ही तुमची."

शरयूला कसलाच वास आला नाही. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसा. तिनं उजव्या हाताची बोटं पाहिली. धूळ ताजी होती, आत्ताच दगडाला हात लावल्यासारखी. गुरुवारपासून आपण खाली मुक्कामाला गेलो नाही, हे तिला आत्ता नीट कळलं. वरही गेलो नाही. जेवल्याचं आठवेना, झोपल्याचं आठवेना.

बुटांचा आवाज जवळ आला होता. "आई, सामान बांधून ठेवलंय मी!"

"तो नमस्कार पुरा झाला की तुमच्याकडं पुढं काय करतात?" गुओनं विचारलं. त्याच्या आवाजात काळजी नव्हती. कुठून भांग पाडू, असं विचारावं तसं त्यानं विचारलं.

"चढायला लागतात."

"म्हणजे तुम्ही वरचा जिना अजून चढायला लागलेल्याच नाही."

"नाही."

गुओनं मान डोलावली आणि वर धुक्याकडं पाहिलं. तिथं पहिल्या दहा-बारा पायऱ्या दिसत होत्या, पुढच्या दिसत नव्हत्या. आरशात गुओ होता, थोरली होती, खुर्ची होती. खुर्चीपलीकडं, वरच्या जिन्याच्या पायथ्याशी, पायात कापडी बूट घातलेलं कुणी तरी पाठमोरं वाकलेलं होतं.

"पोरी," धाकटी खालून हळूच म्हणाली, "पाणी गार होतंय."

"आले मावशी," शरयू म्हणाली.

फिरकीवर आता एकच वेढा होता. तिनं डाव्या हातानं तो सोडवला. फिल्म सरसर बाहेर आली, राखाडी उजेड तिच्यावर पडला. धाकटीनं पाय उचलला. थोरलीनं दुसरा कप पुढं केला. आणि शरयूचा उजवा हात, धुळीसकट, तिच्या कपाळाकडं निघाला.